दोन फोटोंच्या मधल्या तासात

मंडळी, डाव्या हाताला टाके पडलेत, एका हातानं टाइप करतोय.

आज अंधार पडल्यावर मी आणि माझा मेहुणा संदीप कन्नडच्या पुढं एका माळावर लघुग्रह टिपायला गेलो. साधा कॅमेरा आणि स्टँड. आकाशाच्या एकाच तुकड्याचे तासाभराच्या अंतरानं दोन फोटो काढायचे. जो ठिपका सरकला, तो लघुग्रह. डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल कागद लावला होता.

तोच नडला. गावात ड्रोनवाल्या चोरांची अफवा होती, लाल उजेड दिसला की ड्रोनच समजायचे. पहिला फोटो निघाला आणि काठ्या घेऊन माणसं धावत आली. "ह्येच ते! हाणा!"

"दादा, आम्ही तारे बघतोय!" संदीप ओरडत होता. काठी थेट त्याच्या डोक्यात बसली. अडवायला गेलेला माझा हात फुटला. पोलीस पाटील येईपर्यंत आम्हाला गुरासारखं मारलं.

कॅमेऱ्याला मात्र कुणी शिवलं नाय. "लांब व्हा, त्यातूनच ड्रोन उडतंय!" टायमर लावलेला होता, त्यानं ठरल्या वेळी आपोआप दुसरा फोटो काढला.

आत्ता दवाखान्यात दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. ठिपका केसभर सरकलाय. संदीपला दाखवायचाय, पण तो डोळेच उघडत नाय.

तुमच्याकडं रात्री परका माणूस दिसला, तर आधी नाव विचारता की काठी उचलता?