कव्हर देऊन टाक!

कुत्र्याचे केस आणि डॉक्टरांचे किस्से, दोन्ही कितीही झटका, कपड्यांना चिकटून घरी येतातच. मी कल्याणच्या एका क्लिनिकमध्ये जनावरांची डॉक्टर आहे. जनावरं म्हणजे बहुतेक कुत्री, मांजरं आणि अधूनमधून एखादा पोपट. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आम्हा डॉक्टरांचं एक मंडळ आहे. तिथले किस्से मी हसत हसत सगळ्यांना सांगायचे. हल्ली सांगता सांगता मधेच मान खाली जाते.

कारण बंड्याचा पाय. बंड्या हा ठाकुर्लीचा एक तांबूस गावठी कुत्रा. त्याचा मागचा उजवा पाय राहतो की जातो, एवढाच प्रश्न होता. पण तो प्रश्न कळायला आधी आमचं मंडळ कळायला हवं.

* * *

मंडळाचं मुख्य काम म्हणजे 'सीई', कंटिन्युइंग एज्युकेशन. डिग्री मिळाली म्हणून शिक्षण संपत नाही, शिकत राहायला हवं, म्हणून अधूनमधून रविवारी माजिवड्याला एका हॉटेलच्या हॉलमध्ये लेक्चर असतं. मला तर ही कल्पनाच इतकी आवडलेली! पहिल्या सीईला मी वेळेआधी पोचले. लेक्चर सुरू झालं तेव्हा हॉल अर्धा रिकामा. जेवण सुरू झालं तेव्हा बसायला जागा नाही!

विषय होता अँटिबायोटिकचा अतिवापर. पाहुणे डॉक्टर जीव तोडून सांगत होते, "हे नवीन इंजेक्शन राखून ठेवा. बाकी सगळं हरलं तरच बाहेर काढा. उठसूट वापरलंत तर जंतू तेही पचवतील!"

टाळ्या वाजवायला माझे हात शिवशिवत होते. मग कळलं, कार्यक्रमाचा खर्च त्याच इंजेक्शनच्या कंपनीचा. निघताना प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. पिशवीत पेन, किचेन आणि त्याच इंजेक्शनची सॅम्पलची बाटली!

लिफ्टमध्ये डॉ. म्हात्रे भेटले. मोहने गावचे, मंडळातले सगळ्यात गमत्ये. बाटली उजेडात धरून म्हणाले, "जबरी दिसतंय गो. उद्यापासून चालूच करतो!"

* * *

आमच्या धंद्यातला एक लाडका शब्द आहे, 'कव्हर'. आजार नीट कळला नाही की आधीच अँटिबायोटिक देऊन ठेवायचं. असलेच जंतू तर मरतील. उलट्या होतायत? कव्हर देऊन टाक. लंगडतोय? कव्हर देऊन टाक. काहीच होत नाहीये, पण मालक घाबरलाय? मग तर नक्कीच!

मी एकदा म्हात्रेंना विचारलं, "सर, जंतूच नसतील तर कव्हर घालायचं कशावर?"

"आपल्यावर गो बाय!" ते म्हणाले. "उद्या काय झालं तं मालक बोलंल, डॉक्टरनं कायच दिलं नाय."

आणि साठे सर! साठे सर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, डोंबिवलीतले सगळ्यात जुने डॉक्टर. आम्ही सगळे त्यांना मानतो. त्यांनी एका आजोबांना सांगितलं, "काळजी करू नका, कव्हर देऊन ठेवलंय." दुसऱ्या दिवशी आजोबा परत हजर. "डॉक्टरसाहेब, काल ते कव्हर द्यायचं राहिलं वाटतं. आमचा गोल्डन रिट्रीव्हर आहे, जरा मोठ्या साइजचं द्या!"

यावर आम्ही किती हसलेलो. आता वाटतं, आजोबांनी निदान ते कव्हर काय आहे हे पाहायला मागितलं. बाकी कोणी तेही मागत नाही.

* * *

बंड्याला घेऊन सुलभाताई एका दुपारी आल्या. ठाकुर्लीत त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. दुसऱ्या कुत्र्याने बंड्याच्या पायाला चावा घेतलेला. जखम वरून भरायची, आतून परत पू यायचा. पाय पार खांबासारखा सुजलेला. आणि एवढं होऊनही बंड्या शेपूट हलवत माझ्या ॲप्रनचे खिसे हुंगत होता. सगळ्या डॉक्टरांकडे बिस्किट मिळतं हे त्याला पाठ!

"आधी कोणाला दाखवलंत?" मी विचारलं.

सुलभाताई लाजल्या. "दाखवलं दोन-चार ठिकाणी. पण नावं नको हां डॉक्टर. एका डॉक्टरचं नाव दुसऱ्यासमोर घेतलं की राग येतो म्हणतात."

"बरं, औषध काय दिलेलं?"

तेही त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. गोळ्यांची स्ट्रिप दिली तर मालक नाव वाचून पुढच्या वेळी परस्पर मेडिकलमधून आणतो. म्हणून आमच्यातले पुष्कळ डॉक्टर गोळ्या सोडवून कागदाच्या पुडीत देतात. सुलभाताईंच्या लक्षात होते ते फक्त रंग. "आधी पिवळी होती. मग पांढरी, मोठी. मग गुलाबी. सगळ्या वेळेवर दिल्या हां. एकही चुकवली नाही. मी जेवायची विसरेन, पण त्याची गोळी नाही."

मग त्यांनी अगदी विश्वासाने माझ्याकडे पाहिलं.

"तुमची कुठल्या रंगाची, डॉक्टर?"

* * *

मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बंड्याच्या पायाचा फोटो टाकला. जखम, सूज, सगळं लिहिलं आणि सल्ला मागितला.

पटापट उत्तरं यायला लागली. एकाने एक औषध सांगितलं. दुसऱ्याने दुसरं. तिसऱ्याने दोन्ही एकदम द्यायला सांगितली. कोणीतरी लिहिलं, "नाइस केस!" कोणीतरी मधेच गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. म्हात्रेंनी सीईच्या पिशवीतल्या त्या बाटलीचाच फोटो टाकला! आधी काय दिलं होतं, हे एकानेही विचारलं नाही.

मी लिहिलं, "आधी कल्चर करू का?" कल्चर म्हणजे पू लॅबमध्ये पाठवायचा. तिथे ते जंतू वाढवून बघतात, कुठल्या औषधाने मरतात. साधी तपासणी आहे, कॉलेजात पहिली हीच शिकवतात.

मग साठे सरांचा मेसेज आला.

"उत्तम विचार. रिपोर्ट येईपर्यंत कव्हर देऊन ठेव."

त्याखाली अंगठेच अंगठे!

* * *

लॅबमधून फोन आला. "मॅडम, तुमचं ते सॅम्पल. माणसाचं आहे का कुत्र्याचं?"

"कुत्र्याचं. का?"

"नाय, आमच्याकडे होती नव्हती ती सगळी औषधं लावून बघितली. मस्त वाढतायत जंतू, कशालाच दाद देत नाहीत. मला वाटलं, कुठल्या मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूतनं आलंय!"

तोपर्यंत पू हाडात शिरलेला. एक्स-रे बघून मी आणि आमच्या क्लिनिकच्या सरांनी ठरवलं, पाय काढायचा. नाहीतर बंड्याच जाईल.

हे सुलभाताईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या डबे पोचवायला निघाल्या की बंड्या बरोबर असायचा, बिल्डिंगच्या प्रत्येक जिन्यावर त्यांच्या पुढे दोन पायऱ्या. त्यांनी पहिलं विचारलं, "जिना चढेल का हो?"

"चढेल. तीन पायांवर कुत्री छान चालतात."

त्या जरा वेळ त्याच्या कानामागे खाजवत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, माझंच काही चुकलं का? त्या पांढऱ्या गोळीच्या वेळी तो एकदा ओकला होता. पण मी परत दिली हो लगेच."

"तुमचं काहीही चुकलं नाही ताई. आम्हा डॉक्टरांचं चुकलं."

त्यांनी माझा हात धरला. "किती मोठं मन आहे तुमचं. असं कोण बोलतं हल्ली!"

मी मोठ्या मनाने बोलत नव्हते. पण ते त्यांना काही केल्या पटेना.

* * *

ऑपरेशन नीट झालं. टाके निघाले, आणि मी साठे सरांना फोन केला. म्हटलं, पुढच्या सीईला कंपनीचं लेक्चर नको, मी माझी एक केस मांडते. सर खूश झाले. "वा! तरुणांनी पुढे यायलाच हवं."

माजिवड्याचा तोच हॉल. पुढच्या रांगेत मंडळाचे पदाधिकारी. मधोमध साठे सर, त्यांच्या शेजारी म्हात्रे. मी फोटो दाखवले, सगळे जखमेचे. पहिल्या स्लाइडवर लिहिलं होतं, 'पूर्वी अन्यत्र उपचार'. पिवळी गोळी, पांढरी गोळी, गुलाबी गोळी. शेवटी लॅबने काय सांगितलं ते.

हॉलमध्ये चुकचुकाट झाला. साठे सर उभे राहिले. आवाज खणखणीत.

"हे लज्जास्पद आहे! पहिल्याच दिवशी जखम नीट उघडून धुतली असती, अँटिबायोटिकची गरज आहे का याचा विचार केला असता, तर आज त्या मुक्या जीवाला पाय असता. अहो, नंतरचे डॉक्टर वाहवत गेले हे समजू शकतो. पण तो पहिला? पहिला डॉक्टर कोण हा गाढव? त्याला इथे आणून उभा करायला हवा!"

काय टाळ्या! मीसुद्धा वाजवल्या. म्हटलं, शेवटी कोणीतरी बोललं.

आता दाखवायचा होता तीन पायांवर चालणारा बंड्या. सुलभाताई त्याला घेऊन बाहेर थांबलेल्या. मी दार उघडलं.

एवढे डॉक्टर एकदम बघून बंड्याला काय आनंद झाला! पट्टा ताणून, टुणटुण उड्या मारत तो पहिल्या रांगेत घुसला. आधी म्हात्रेंच्या मांडीवर पुढचे दोन्ही पाय. "अरे बंड्या, तू?" म्हात्रेंच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच ते खाली वाकून बुटाची लेस शोधायला लागले. बूट बिनलेसचे होते. पुढच्या खुर्चीवरच्याने मोबाइल कानाला लावला. त्याच्याही पँटला बंड्याने नाक घासलं. त्याच्या पलीकडच्याच्याही.

मग तो वळला आणि थेट साठे सरांकडे गेला. सर अजून उभेच होते. बंड्याने त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकवलं, मग कोटाचा उजवा खिसा हुंगला आणि वर बघत राहिला. सरांचा हात आपोआप खिशात गेला. बाहेर आला तेव्हा हातात बिस्किट होतं.

हॉलमध्ये फक्त बिस्किट चावल्याचा आवाज.

सुलभाताई धावत आल्या. बंड्याचा पट्टा ओढत, सगळ्या रांगेला नमस्कार करत म्हणाल्या, "सॉरी हां सर, कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं ठरवलेलं मी. पण तो कसला ऐकतोय! आणि तुम्ही तर पहिले ना, म्हणून तुमची जास्त ओळख!"