नाकाशिवाय शोधलेली गळती

मालाडहून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॉस्मस परेराचं गॅरेज आहे. घराच्याच आवारात, दोन माडांच्या मधे पत्रे टाकून केलेलं. गेली एकतीस वर्षं तो जुनी डिझेल इंजिनं दुरुस्त करतोय. कॉम्प्युटर लावून तपासायच्या नव्या गाड्यांना तो हात लावत नाही. पण ट्रक पंधरा-सतरा वर्षांचा असला की लोक बोरिवलीहूनही त्याच्याकडे यायचे, ते त्याच्या नाकासाठी. बॉनेट उघडलं की हात न लावताच तो सांगायचा, "मागच्या अंगाला झिरपतंय, डावीकडे." आणि गळती तिथंच सापडायची.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत कॉस्मस अकरा दिवस अंथरुणाला खिळला. ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र गेला तो गेलाच. हे फक्त त्याच्या बायकोला, क्लॅरिसला ठाऊक होतं. तव्यावरचे बोंबील करपून घरभर धूर झाला, तेव्हा कॉस्मस तिथेच बसून पेपर वाचत होता. तिने विचारलं, तेव्हा त्याने कबूल केलं. बाहेर कुणाला सांगू नकोस, म्हणाला. मग गळतीचं काम आलं की 'वेळ नाही', 'पार्ट मिळत नाही' असं काहीतरी सांगून तो गिऱ्हाईक परत पाठवायला लागला. ब्रेक, क्लच, ऑइल बदलणं, एवढंच करायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, सकाळी दहाच्या सुमाराला रत्नप्रभा आपला ट्रक घेऊन आली. विक्रोळीला तिची रोपवाटिका आहे. सोसायट्यांच्या बागांना ती झाडं पुरवते आणि ट्रकही स्वतःच चालवते. ट्रक सतरा वर्षांचा, वडिलांच्या वेळचा. त्यांच्यासोबत ती लहानपणापासून या गॅरेजमध्ये येत होती.

"अंकल, वाट लागलीय," ती उतरता उतरताच म्हणाली. "सकाळी स्टार्टच होत नाही. इंजिनवरचा हातपंप मारून डिझेलमधली एअर काढावी लागते, तेव्हा कुठे सुरू होतो. आणि खाली डिझेल टपकतं. मुलुंडच्या सोसायटीत फरशीवर डाग पडले, आता तिथला वॉचमन मला गेटच्या आत घेत नाही. कुंड्या हातगाडीवरून न्याव्या लागतात."

"कुणाला दाखवलास?"

"दोघांना. दोघांनीही रिटर्न पाइपचा खालचा तुकडा बदलला. चार दिवस बरं चाललं, मग परत तेच. आता म्हणतात पंपच बदला."

रिटर्न पाइप म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला पुरून उरलेलं डिझेल परत टाकीत नेणारी बारीक नळी. ती कुठे ढिली झाली की डिझेल झिरपतं आणि गाडी रात्रभर उभी राहिली की तिथूनच हवा आत शिरते. रत्नप्रभाचं बोलणं ऐकूनच कॉस्मसला कळलं होतं की पंपात काही दोष नाही. पण नेमकं कुठून झिरपतंय?

"दुसरीकडे ने," तो म्हणाला. "माझ्याकडे वेळ नाही."

रत्नप्रभाने रिकाम्या गॅरेजकडे एकदा नजर फिरवली. "अंकल, माझं काही चुकलं का?"

क्लॅरिस घराच्या दारात उभी होती, कॉस्मसने तिच्याकडे पाहिलं. शेवटी तो स्टुलावर बसला. "मला वास येत नाही, रत्ना. तीन वर्षं होत आली. इतकी वर्षं नाकावर काम केलं. आता उगाच तुझ्या गाडीशी खेळायचं म्हणजे..."

"एवढंच ना?" ती म्हणाली. "डोळे आहेत ना तुमचे? बघा की. मी थांबते."

तिने ते इतकं साधेपणाने म्हटलं, की तो स्टुलावरून उठला.

त्याने आधी इंजिन रॉकेलने धुतलं आणि फडक्याने कोरडं केलं. मग थोडा विचार करून हाक मारली, "क्लॅरिस, तुझी पावडर आण गो." तिने आपला टाल्कमचा डबा आणून दिला. नोझलांवर, पाइपांवर, प्रत्येक सांध्यावर त्याने पावडर भुरभुरली. रत्नप्रभाने इंजिन चालू केलं. तिघं वाकून बघत राहिली. पाच मिनिटं सगळं पांढरंच पांढरं. मग अगदी मागच्या, चौथ्या नोझलच्या डोक्यावर राखाडी ठिपका उमटला. तो पसरत पसरत इंजिनच्या मागून खाली उतरला आणि बदललेल्या तुकड्यावर येऊन टपकला.

"हां!" कॉस्मस ओरडला. "गळतंय वर, आणि दोघं बदलत बसले खालचं!"

चौथ्या नोझलचा बोल्ट काढला. त्याखालचा तांब्याचा वॉशर चपटा होऊन गेला होता, त्यावर आडवी चीर. रबरी नळ्या बोटाने दाबल्या तर बिस्किटासारख्या तुटत होत्या. "एक बदलून भागायचं नाही," तो म्हणाला. त्याने सगळ्या नळ्या नव्या टाकल्या. प्रत्येक बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे वॉशर घातले. बोल्ट आवळताना हात आवरता घेतला, जास्त पिळला तर आटेच जातात. पुन्हा पावडर मारून इंजिन अर्धा तास चालवलं. पावडर जशीच्या तशी पांढरी राहिली. क्लॅरिसने वाकून दोनदा हुंगलं आणि म्हणाली, "काही नाही. फक्त माझ्या पावडरचा वास."

दुपारी तिघं एकत्र जेवली. रत्नप्रभाला कढी आंबट लागली म्हणून क्लॅरिसने तिच्या ताटात दुसरं कालवण वाढलं. कॉस्मसने कधी नव्हे तो दुसऱ्यांदा भात घेतला.

आठवड्याने रत्नप्रभाचा फोन आला. ट्रक रोज पहिल्याच चावीला सुरू होत होता. मुलुंडच्या वॉचमनने गेटबाहेर ट्रकच्या चाकांच्या मधे पुठ्ठा अंथरून तासभर वाट बघितली, तो कोरडाच राहिला, आणि मग स्वतःच गेट पूर्ण उघडलं.

त्या महिन्यात कॉस्मसने आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना सरळ सांगून टाकलं की वास गेलाय, पण गळती मी शोधतो, फक्त वेळ जास्त लागेल. कुणी हसलं नाही. जयवंत नावाचा एक टेम्पोवाला म्हणाला, "लागू दे की वेळ, यार. चहा पाज म्हणजे झालं." पुढच्या सोमवारी मढच्या एका होडीवाल्याने इंजिन बघायला बोलावलं. कॉस्मसने पाने आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरले, टोपी घातली आणि शिट्टी वाजवत बस स्टॉपकडे निघाला.