शेजारच्या हॉलमधला फोन

त्या रविवारी कोराडीच्या आमच्या कॉलनीत शेजारच्या बोरकरांकडे टीव्हीवर मॅच रंगली होती, आणि इकडे माझ्या सासऱ्यांची लघवी सकाळपासून बंद होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट... आजही आठवलं की बसल्या जागी चुळबुळ होते.

बाबा, म्हणजे माझे सासरे, सावनेरहून आले ते अंथरुणाला खिळलेलेच. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना सारखं हलवू नका, घरीच ठेवा. एक दिवसाआड फोन करून ताप, पाणी, लघवी, झोप सगळं सांगा, मी औषध बदलत जाईन. आता तुम्ही त्याला टेलिमेडिसिन म्हणता. आमच्यासाठी तो बोरकरांच्या हॉलमधला काळा फोन होता.

घरांच्या अख्ख्या लाईनीत फोन तेवढाच! बोरकर साहेब समोर पेपर वाचत बसलेले, कोणी ना कोणी चहाला आलेलं. त्यांच्यादेखत सुनेनं सासऱ्याच्या लघवीचं बोलायचं? शुक्रवारी डॉक्टरांनी विचारलं, लघवी साफ होते ना? थेंब थेंब होत होती, मला माहीत होतं. मी पदर सावरून "हो, ठीक आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. मूर्ख कुठली!

रविवारी बाबांचं ओटीपोट टम्म फुगलं. आमचे हे ड्यूटीवर. "मले काही नाही झालं वं, तू काहून घाबरून राहिली?" असं बाबा म्हणत होते आणि चादर मुठीत आवळत होते.

मी तीनदा बोरकरांच्या दारापर्यंत गेले, तीनदा परत आले. मॅच म्हणजे त्या हॉलमध्ये दहा-बारा पुरुष असणार...

शेवटी गेले. नागपूरची लाईन लागता लागेना. लागली तेव्हा डॉक्टर घरी जेवत होते, तसेच फोनवर आले. मी म्हटलं, बाबांना जरा बरं नाही. जरा म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी हॉलमधल्या पुरुषांकडे बघितलं.

"अहो, मला इथून पेशंट दिसत नाही. तुम्ही बोलाल तेवढंच मला कळणार."

बस्स. मी ओरडलेच. "सकाळपासून लघवी झाली नाही त्यांना! थेंबसुद्धा नाही! पोट फुगलंय! आणि परवा मी तुमच्याशी खोटं बोलले!"

कोणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब घेऊन या, नळी घालावी लागेल, मी दवाखान्यात पोचतो.

फोन ठेवून वळले तर बोरकर साहेब जीप काढायला निघाले होते. मॅच सोडून चौघं आमच्या घरी धावले आणि बाबांना चादरीसकट उचललं. एकही माणूस हसला नाही हो.

दवाखान्यात नळी घातली आणि संध्याकाळी बाबांच्या तोंडावर जरा तरतरी आली. मी रडत रडत सगळं कबूल केलं, शुक्रवारचं खोटं आणि आजचं ओरडणंही. वाटलं, आता रागावतील.

बाबांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "चार दिवसापासून दुखून राहिलं होतं सुनबाई. सुनेले कसं सांगू, म्हणून मीच चूप होतो."

पुढे दोन वर्षं ते आमच्याकडे होते. फोनचा दिवस आला की सकाळीच आतून हाक यायची... "सुनबाई, आज दोनदा झाली वं. डॉक्टरले सांगजो, जोरानं सांगजो!"