वहिनीचे नऊ मोसम

माझी वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर एक बॅग होती आणि दोन सायकली. बॅग माळ्यावर गेली, सायकली बैठकीत राहिल्या. तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात सायकलच्या शर्यतींना जायची. या शर्यती डांबरी रस्त्यावरच्या नव्हेत. चार-पाच किलोमीटरचं एक रिंगण, त्यात चिखल, झाडांची मुळं, कंबरेएवढे खडक. त्याच वाटेने सहा-सात फेऱ्या मारायच्या. दीड तासात माणूस पार पिळून निघतो.

आई नुकतीच सूतगिरणीतून निवृत्त झाली होती. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "यात पडत नाहीस का गं?"

"पडते ना, आई."

"मग?"

"मग उठते."

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे बरंय. ही पडली की अख्खी गल्ली गोळा होते."

अठ्ठाविसाव्या वर्षी एका छोट्या टीमने वहिनीला करारावर घेतलं. या खेळात ते वय उशिराचंच. टीम म्हणजे काय, तर एक व्हॅन, चार खेळाडू, एक मॅनेजर आणि एक मेकॅनिक. मेकॅनिक साठीकडे झुकलेले, कमी बोलणारे. सगळे त्यांना काका म्हणायचे. शर्यतीत पाणी देण्यासाठी वाटेवर दोनच जागा ठरलेल्या असतात. एका जागी काका उभे राहत, दुसऱ्या जागेसाठी माणूस नव्हतं. वहिनीने हे घरी सहज सांगितलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी राहते उभी."

आम्हाला वाटलं, गंमत करतेय. पण संध्याकाळी तिने दादाला सायकलवर बसवलं आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सराव सुरू केला. बाटली वरून दोन बोटांत धरायची; सायकलवाली वेगात येऊन ती ओढून नेते. घट्ट धरली तर हाताला हिसका बसतो, सैल धरली तर बाटली खाली. पहिल्या दिवशी तीन बाटल्या गाड्यांखाली गेल्या आणि तळमजल्यावरच्यांची कुंडी फुटली. दादा वैतागून म्हणाला, "आई, तुझा हात हलतोय."

"तीस वर्षं सूत धरलंय या हाताने. हात नाही हलत. तुझी सायकल डुगडुगतेय."

वहिनी हसता हसता जमिनीवर बसली.

पहिली चार वर्षं अशीच गेली. मोठी शर्यत वहिनीने कधी जिंकली नाही. कधी विसावी, कधी पंचविसावी. नातेवाइकांना समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे. "पंचविसावी म्हणजे नापास का गं?" असं मावशी विचारायची. देशोदेशीच्या निवडक सत्तर-ऐंशी जणींमधली पंचविसावी, हे तिच्या गळी कधी उतरलंच नाही.

पाचव्या मोसमात एका उतारावर ओल्या मुळावरून चाक घसरलं. गळपट्टीचं हाड मोडलं, कंबरेच्या हाडाला चीर गेली. वहिनी चार महिने घरात. दादा तिचे केस धुवायचा, आई तिला धरून दारापर्यंत चालवायची, परत आणायची. अशातच टीमचं दोन ओळींचं पत्र आलं: पुढच्या वर्षी करार नाही. वहिनीने ते आम्हाला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "दुकानात विचारते. काचा घासायला कंबर लागत नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

तीन आठवड्यांनी एका मोठ्या टीमचा फोन आला. बरी झालीस की ये, एक वर्ष बघू. वहिनीचा विश्वासच बसेना. तिने दादाला दोनदा नंबर तपासायला लावला. काकाही त्याच टीममध्ये रुजू झाले होते, हे पाहून तिला आणखी हायसं वाटलं. तिथे पाणी द्यायला पगारी माणसं होती, तरी वहिनीने एक जागा आईसाठी मागून घेतली.

सातव्या मोसमातल्या एका शर्यतीला आईबरोबर मीही गेले होते. तिसऱ्या फेरीत पाऊस कोसळला. काकांनी सकाळीच ढग बघून टायरमधली हवा कमी केली होती. बाकीच्या जणी घसरत होत्या, उतरून सायकली ढकलत होत्या. वहिनी एकेकीला मागे टाकत होती. चिखलाने चेहरा असा माखलेला की आईने नंबर वाचून बाटली पुढे केली. शेवटच्या फेरीत आई माझं मनगट धरून उभी होती. त्याचा वळ दोन दिवस राहिला. वहिनी नववी आली.

व्हॅनपाशी या टीमचा मॅनेजर आनंदाच्या भरात बोलून गेला, "बरं झालं, काकांनी तेव्हा हट्ट धरला. आम्ही बोलावलं होतं फक्त त्यांना. म्हणाले, येतो, पण ती येणार असेल तरच."

वहिनी सायकल तशीच टाकून काकांकडे गेली. ते साखळी धूत होते.

"दोन वर्षं झाली, काका. सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी सायकल पळवली असतीस," काका म्हणाले. "माझ्यासाठी कशाला?"

तिने चिखलासकट त्यांना मिठी मारली. काकांनी ब्रश हातातच धरून ठेवला होता, त्यांना तो कुठे ठेवावा ते कळेना. आई म्हणाली, "ठेवा आता तो," आणि स्वतःच काढून घेतला.

सदतिसाव्या वर्षी वहिनी थांबली. शेवटच्या शर्यतीत ती एकतिसावी आली आणि खुशीत होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "मी मोठी खेळाडू झाले नाही. पण मला जे आवडतं तेच माझं काम होतं, नऊ वर्षं. आणि प्रत्येक वर्षी त्यासाठी कुणी ना कुणी माझ्यामागे उभं होतं. एवढं कुणाला मिळतं गं?"

खरं तर मलाही तेव्हा तिच्याबद्दल असंच म्हणायचं होतं: अशी वहिनी कुणाला मिळते?

आता ती शर्यतींच्या वाटा आखते. हातात कुदळ घेऊन जंगलात फिरते, कुठला खडक ठेवायचा, कुठला हलवायचा ते ठरवते. काका निवृत्त झालेत. रविवारी सकाळी चहाला येतात, आणि टायरमध्ये हवा किती असावी यावर दोघं दुपारपर्यंत भांडतात. आई काकांची बाजू घेते.