नंदनवनातला समुद्र

लग्नाला तीन वर्षं झाली होती. एप्रिल महिन्यातल्या एका दुपारी बायको खिडकी लावता लावता म्हणाली, "आमच्याकडे आत्ता खारा वारा सुटला असेल." एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिचं माहेर कोकणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मी नागपूरचा, पाणी म्हणजे सकाळी नळाला येतं ते, एवढीच माझी समज. पण त्या एका वाक्यावरून मी ताडलं की हिला समुद्राची ओढ लागली आहे आणि ती भागवणं आपलं कर्तव्य आहे. नवऱ्याला न सांगता एखादी गोष्ट समजली की घरात नसतं काहीतरी उपटतंच.

मी तेव्हा हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. नंदनवन या आमच्या वस्तीतून कंपनीच्या बसने जाता-येता वाचायला ग्रंथालयातून पुस्तकं आणायचो. त्यात समुद्रातले मासे घरी पाळण्यावरचं एका साहेबाचं इंग्रजी पुस्तक हाती लागलं. ते मी दोनदा वाचलं आणि तज्ज्ञ झालो. गोड्या पाण्यातले मासे पाळणारे आमच्या ओळखीत दोघे-तिघे होते, खाऱ्या पाण्यातले पाळणारा एकही नव्हता. त्याला काही कारण असेल, हा विचार मला शिवला नाही.

दोन फुटांची काचेची टाकी करून घेतली. तळाला जाळी, जाळीवर वाळू, आणि दिवसभर घरघरणारा हवेचा पंप. दिवाळीत मेहुणा आला तो दोन मोठे कॅन भरून समुद्र घेऊन. गाडीत टी.सी.ला संशय आला की कॅनमध्ये दारू आहे. त्याने झाकण उघडायला लावलं, बोट बुडवून चाटलं आणि पुढच्या स्टेशनवर चूळ भरायला उतरला. कॅनखेरीज एका डब्यात खडकातल्या डबक्यातून धरलेला अंगठ्याएवढा मासा होता, अंगावर काळे पट्टे. शिवाय शेवाळलेले दोन दगड, त्यातल्या एकावर फुलासारखं उमलणारं समुद्रफूल, आणि शंखात घर केलेला एक खेकडा. डब्यातल्या पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून मेहुणा रस्ताभर वाटीने पाणी वर-खाली ओतत आला होता. त्याने माझा पुढे कधी आदर केला नाही, आणि त्याचं चुकलंही नाही.

"हा एवढासा?" बायको म्हणाली. "आमच्याकडे असले मांजराला टाकतात." पण त्या संध्याकाळी ती टाकीसमोर पाट घेऊन बसली ती कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत उठली नाही. मी मनात म्हटलं, जिंकलो.

शेजारच्या काकू पाहायला आल्या. त्या मूळच्या काटोलकडच्या शेतकरी घरातल्या, आणि त्यांच्या लेखी ज्याचा उपयोग नाही ती वस्तूच नाही. "भाऊ, हे मासोळी खायाची का पाह्याची?"

"पाहायची."

"मंग इतक्या दुरून काहून आणली गा?"

याला साहेबाच्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

पाणी किती खारं आहे हे मोजायचं यंत्र नागपुरात कुठे मिळणार? पण घरात लॅक्टोमीटर होतं. गवळ्याच्या दुधात बायको रोज सकाळी ते सोडायची आणि गवळी रोज सकाळी रुसायचा. ते मी ताज्या समुद्रात सोडलं आणि जिथवर बुडलं तिथे तिच्या नखपॉलिशने लाल खूण केली. पाणी जास्त खारं झालं तर नळी वर उचलली जाणार आणि खूण पाण्याबाहेर येणार. माझी खरोखर चांगली अशी ही एकमेव युक्ती. गवळ्याच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं भाऊ, आता पाण्यातलं पाणी मोजा." बायकोने दुधासाठी नवं आणलं.

आता माझ्या चुकीकडे येतो. उन्हं तापू लागली तसं टाकीतलं पाणी आटू लागलं, दिवसाला तीन लोटे. मी पुस्तकातल्या प्रमाणात खडेमीठ विरघळवून रोज संध्याकाळी तीन लोटे खारं पाणी भरू लागलो. साधा हिशेब होता, तो मी बायकोलाही ऐकवला. वरणात पाणी वाढवलं की मीठ वाढवायचं.

बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, आटलेल्या वरणात कुणी मीठ घालतं का? पाणी गेलं, मीठ आतच आहे की. आमच्या मिठागरात दुसरं काय होतं? ऊन पाणी नेतं, मीठ ठेवून जातं."

मला राग आला. ज्या माणसाने दोनदा पुस्तक वाचलं आहे त्याला वरणावरून शिकवणी नको असते. वरणाचं उदाहरण माझंच होतं हे मी सोयीने विसरलो. मी तिला पान उघडून दाखवलं: पाण्याचा खारेपणा कायम राखावा. "तुमच्या मिठागरवाल्यांनी मासे पाळले होते का?"

"नाही," ती म्हणाली, आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

लाल खूण पाण्याच्या रेषेवरून हलली नाही. एप्रिल संपत आला तरी मासा आपला दगडाभोवती गस्त घालतोय, समुद्रफूल उमलतंय. मी बसमध्ये सगळ्यांना माझी पद्धत समजावून सांगितली. मोरीबाहेरच्या कर्दळी तेवढ्या जळून गेल्या, त्या उन्हाने गेल्या असं मी ठरवून टाकलं.

मेमध्ये बायको माहेरी गेली. वर्षातून एकदाच जायची, एक महिना. अकरा महिने ती त्या महिन्याबद्दल बोलायची. मी मोठ्या उदारपणे म्हटलं, "तू निश्चिंत जा. मासा मी बघतो." ती टाकीकडे पाहून काही बोलणार होती, पण रिक्षा आली.

ती गेल्यावर मी घरातला एकुलता एक कूलर टाकीकडे वळवला. बाहेर डांबर पायाला चिकटत होतं, आत मी घामाघूम होऊन माशाला वारा घेताना बघत होतो. मी कामावरून आलो की काकू निवडायला तांदूळ घेऊन टाकीजवळ येऊन बसायच्या, कारण थंड जागा तेवढीच. "माणसं भाजून राहिली अन् मासोळीले कूलर," त्या म्हणायच्या, आणि ताट आणखी पुढे सरकवायच्या.

चौथ्या दिवशी लाल खूण पाण्याबाहेर आली. उष्णतेने लॅक्टोमीटरची काच बिघडली असेल असं मी म्हटलं. पाचव्या दिवशी ती बोटभर वर होती. सहाव्या दिवशी समुद्रफूल मिटलं ते उघडेना, आणि मासा तळाशी एका कुशीवर पडून कल्ले हलवत राहिला. मी तीन लोटे खारं पाणी नेमाने घालत होतो, एखादा घाबरून औषधाचा डोस वाढवतो तसं त्या दिवशी चार घातले. मग तारऑफिसात गेलो आणि लिहिलं: मासा अत्यवस्थ. उपाय कळव. तारबाबूने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि बायकोचा पत्ता दोनदा वाचून खात्री करून घेतली.

कोकणात तार म्हणजे कुणीतरी गेलं. तार फोडण्याआधीच सासूबाईंनी रडायला सुरुवात केली होती म्हणे. माझ्या नावाने रडल्या, हे कळल्यावर बरं वाटलं.

उपाय तारेने आला नाही. नवव्या दिवशी सकाळी रिक्षातून बायकोच उतरली. तिने ट्रंक दारात ठेवली, चपला न काढता टाकीपाशी गेली, खूण पाहिली आणि लोटा घेतला. एक लोटा टाकीतलं पाणी काढून मोरीत ओतलं, एक लोटा माठातलं साधं पाणी हळूहळू आत सोडलं. संध्याकाळी पुन्हा तेच, शिवाय दिवसभरात आटलं तेवढं साधं पाणी. "एकदम नाही करायचं," ती म्हणाली, "घाबरतो तो."

काकू भिंतीवरून बघत होत्या. "तुम्ही डूटीवर गेले का वैनी रोज हेच करत होत्या, भाऊ. तीन लोटे काहाडाचे, तीन लोटे टाकाचे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मले काय, पुऱ्या गल्लीले माहीत होतं."

दहा-बारा दिवसांनी खूण रेषेवर आली, मासा उठून दगडाभोवती फिरू लागला. समुद्रफूल मात्र पुन्हा उमललं नाही, खेकडाही शंखाबाहेर आला नाही. मी बायकोला विचारलं, "साधं पाणी घाला, एवढी तार केली असतीस तर? तुझा महिना तरी बुडला नसता."

"तार केली असती तर तुम्ही पुस्तक उघडलं असतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"आणि समुद्र?"

"पहिले दिवस आंबे, फणस, आल्यागेल्याचं करण्यात गेले. म्हटलं, महिना आहे, जाऊ निवांत." ती माशाकडे बघत होती. "येताना एस.टी.च्या खिडकीतून दिसला थोडा."

तिला समुद्राची आठवण येऊ नये म्हणून मी जो समुद्र आणला, त्यानेच तिला समुद्रावरून उठवून आणलं होतं. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली आहे. मी उठून कूलर तिच्याकडे वळवला. तिने तो अर्धा परत माशाकडे फिरवला.

पुढच्या मेमध्ये ती गेली तेव्हा मी साहेबाचं पुस्तक कधीच ग्रंथालयाला परत केलेलं होतं. रोज आटेल तेवढं साधं पाणी घालत होतो. तरी दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मासा तरंगताना दिसला. त्याचं वय झालं असेल, किंवा त्याला नागपूरचा कंटाळा आला असेल. काकूंनी विचारलं, "वैनीले तार करून राहिले का?" मी नाही म्हटलं. एक पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं: मासा मजेत आहे. तू रोज समुद्रावर जा.

मासा नसलेल्या टाकीत मी महिनाभर पंप चालू ठेवला आणि रोज पाणी घातलं. ती पूर्ण महिना राहून आली, उन्हाने रापलेली, पिशवीत शिंपले. टाकीसमोर वाकून तिने बराच वेळ आत पाहिलं. मग लॅक्टोमीटर सोडलं. खूण बरोबर रेषेवर होती.

"पाणी मात्र नीट राखलंत हो," ती म्हणाली, आणि शिंपले एकेक करून वाळूत ठेवू लागली.