चिंचेवर नेलेलं पिल्लू

पिकल्या उंबरांचा वास आला की कडाव गावची, एकोणीसशे पासष्टच्या सुमाराची एक दुपार आठवते. परसातल्या उंबरावर वानरांची टोळी खात बसली होती. तेवढ्यात ओढ्यापलीकडची दुसरी टोळी त्यांच्यावर चालून आली. नुसती हुपहुप, किंचाळ्या आणि मोडणाऱ्या फांद्या! त्या झटापटीत परक्या टोळीतली एक मादी इकडचं पिल्लू हिसकावून समोरच्या चिंचेवर चढली. “आत ये गं, पोरीला पन नेतील!” सासूबाई घरातून ओरडल्या. तान्हीला छातीशी धरून मी दारातच थिजले. पिल्लाची आई मात्र एकटीच त्या चिंचेवर चढली. परके वानर दात विचकत तिच्याभोवती जमले. तिने पिल्लू ओढून पोटाशी घेतलं आणि त्यांच्यामधूनच खाली उतरली. “नाय भ्याली गं,” सासूबाई पुटपुटल्या. माझी ती तान्ही आता स्वतः आजी झाली आहे. तिला हे सांगताना मी अजूनही नकळत तिचं मनगट घट्ट धरते.