दोन गोळ्या आणि नऊ मजले

इमारतीतल्या निम्म्या लोकांना तिचं नाव माहीत नव्हतं. सगळे तिला लिफ्टताई म्हणत. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, पितळी मुठीवर चालणारी. मूठ जरा जास्त फिरली की लिफ्ट मजल्याच्या वीतभर वर जाऊन थांबायची आणि माणसं धडपडायची. लिफ्टताईच्या हातात मात्र ती शहाण्यासारखी वागे. स्टुलावर बसायचं, दार ओढायचं, मूठ फिरवायची, दार उघडायचं, की पुन्हा तेच. कुणी गमतीनं म्हणायचं, "ताई, तुमच्याइतका प्रवास या शहरात कुणी केला नसेल." ती हसायची. प्रवास कसला डोंबलाचा! कपाटाएवढ्या पेटीत दिवस काढायचा आणि संध्याकाळी जिथून निघालो तिथेच उतरायचं. तरीही त्या पेटीत ती घरच्यापेक्षा मोकळी होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगणार कुणाला?

मग एक दिवस मॅनेजरसाहेबांनी बातमी दिली. जुनी लिफ्ट काढणार, बटणांची नवी बसवणार. बटण ज्याचं त्यानं दाबायचं, मग स्टूल कशाला आणि ताई कशाला?

"तुम्हाला एकदम रस्त्यावर काढणार नाही," मॅनेजरसाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा होता. "फेरीचं काम आहे. तळापासून नवव्या मजल्यापर्यंत जिन्यानं जायचं, प्रत्येक मजल्यावरची दारं, दिवे, आग विझवायचे डबे बघायचे. महिनाअखेरीला एकदा माझ्याबरोबर चढून दाखवा. जमलं तर काम तुमचं."

"आणि नाही जमलं तर?"

"मग घरी आराम करा की! किती वर्षं राबलात."

घरी आराम! लिफ्टताईच्या तोंडचं पाणी पळालं. घर म्हणजे दोन खोल्या, आतल्या अंगाला उघडणारी एक खिडकी, आणि सासूबाई. नवरा होता, पण तो छापखान्यातून येऊन जेवायचा आणि पेपरात तोंड घालायचा, तेव्हा तो असून नसल्यासारखाच.

सासूबाईंचे गुडघे गेले होते. जिना उतरून त्या खाली गेल्याला वर्षं लोटली होती. घरातलं एकेक काम त्यांच्या हातून सुटत गेलं. स्वयंपाक सुटला, झाडलोट सुटली, भाजी आणणं तर केव्हाच सुटलं. एका कामाला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सकाळी चहा झाला की ताटलीत तीन वाट्या मांडायच्या आणि ज्याच्या त्याच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या वाटीत टाकायच्या. मुलाच्या रक्तदाबाच्या, स्वतःच्या साखरेच्या, आणि सुनेच्या दोन: एक थायरॉईडची, एक हाडांसाठी कॅल्शियमची. मग चहाचा कप हातात देऊन समोर बसायचं आणि घशाखाली उतरेपर्यंत बघायचं. "औषध हातानं दिलं की लागू पडतं," असं त्या म्हणत. सगळ्या औषधांचे डबे त्यांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. एखादी राणी राज्य सांभाळेल तशी ती माउली गोळ्या सांभाळायची.

लागू मात्र काही पडत नव्हतं. लिफ्टताईच्या अंगात त्राण नसे. सकाळी चेहरा सुजलेला, पाय जड, जराशा वाऱ्यानं हुडहुडी. वजन वाढतच होतं. गल्लीतला डॉक्टर दर खेपेला रक्ताचा कागद बघून गोळीची ताकद वाढवायचा आणि वर सांगायचा, "व्यायाम करा, व्यायाम." नवरा पेपराआडून म्हणायचा, "दिवसभर बसून असतेस ना, म्हणून." बसून तर ती असतेच, पण उभं राहण्याचं बळ कुठून आणायचं ते पेपरात छापून येत नव्हतं.

आता मात्र तिनं मनावर घेतलं. इमारत उघडायच्या आधी येऊन ती जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक जायची. तिसऱ्यावर मांड्या दगड व्हायच्या. तरी ती दात-ओठ खाऊन चढायची, आणि दुसऱ्या दिवशी अंग असं मोडून यायचं की स्टुलावरून उठणं जिवावर यायचं. जितकी ती जोर लावायची तितकी आणखी खाली बसायची. एके सकाळी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर ती डोकं भिंतीला टेकून बसली होती, तेव्हा त्याच मजल्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई कुलूप उघडायला आल्या. रोज त्यांना ती वर आणत असे, आज बाई स्वतःच जिन्यानं आल्या होत्या, कारण लिफ्टवाली जिन्यात होती.

"ताई, हे काय? आत या बघू."

आत बसवून, नाडी बघून त्यांनी विचारलं, "थायरॉईड आहे ना? गोळी कशी घेता?"

"सासूबाई देतात. सकाळी, चहाबरोबर."

"चहाबरोबर? आणखी काय असतं तेव्हा?"

"कॅल्शियमची गोळी. सगळं एकदमच."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मग ती पोटात जाऊनही अंगाला लागत नाही! ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासानं, एक तास थांबलात तर उत्तम. कॅल्शियम थेट दुपारी, चार तासांनी. लागत नव्हती म्हणून तुमचा डोस चढत गेलाय, आता नीट घ्यायला लागलात की तो कदाचित जास्त होईल. म्हणून दीड महिन्यानं रक्त तपासायचंच. मध्येच छातीत धडधड झाली, हात थरथरले, झोप उडाली, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. आणि जिने सध्या बंद. सपाट रस्त्यावर चाला, चालता चालता बोलता आलं पाहिजे इतक्याच वेगानं. दुसऱ्या दिवशी अंग दुखून पडलात तर समजायचं, जास्त झालं."

"पण महिनाअखेरीला मला चढून दाखवायचंय."

"त्यांना सांगा, थोडा वेळ द्या."

सांगणं सोपं असतं. लिफ्टताईनं मॅनेजरसाहेबांजवळ ब्र काढला नाही. आजारी म्हटलं की कायमचं घरी, एवढं तिला कळत होतं. आणि सासूबाईंना काय सांगणार? की आई, तुमच्या हातानं इतके दिवस जे दिलंत ते नुसतं चहाबरोबर वाहून गेलं?

तिनं आपल्या मते मधला मार्ग काढला. इमारतीखालच्या औषधांच्या दुकानातून तीच गोळी घेतली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, आणि पहाटे सगळे झोपलेले असताना मोरीत जाऊन पाण्याबरोबर घेऊ लागली. मग सकाळी वाटी पुढे आली की त्यातली गोळीही मुकाट्यानं गिळायची. आपल्या हातची लागेल, सासूबाईंच्या हातची तशीही लागत नाही, मग बिघडतं काय? असा तिचा हिशेब. शाळेत गणितात ती बरी होती, पण हे गणित तिचं साफ चुकलं.

सुरुवातीला मात्र चमत्कारच झाला. सूज उतरली. पाय हलके झाले. झोप कमी झाली, पण तिला वाटलं, झोपेत फुकट जाणारा वेळ वाचला! वजन उतरायला लागलं तसं इमारतीतल्या बायका तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवू लागल्या. "ताई, काय खाता हो हल्ली?" सासूबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. "बघ, मी म्हणत होते ना, हातानं दिलं की लागू पडतं!" नवऱ्यानं पेपर खाली घेऊन तिच्याकडे एकदा बघितलं, यावरूनच काय ते समजा. लिफ्टताई जिने चढू लागली, नुसती चढूच नाही, धावू लागली. मूठ फिरवताना हात थरथरायचे, उन्हाळा नसताना घाम फुटायचा, स्टुलावर बसल्या बसल्या छातीत कुणीतरी दार वाजवल्यासारखं व्हायचं. तिनं सगळ्याकडे कानाडोळा केला. डॉक्टरीणबाई लिफ्टमध्ये आल्या की ती मुद्दाम दुसऱ्याच कुणाशी बोलत राही.

महिनाअखेर आली. मॅनेजरसाहेब पुढे, ती मागे. त्यांच्या घाईच्या बरोबरीनं तिनं पाय उचलले. पाचव्या मजल्यावर ते म्हणाले, "अरे वा!" सहाव्याच्या पुढे तिच्या छातीतलं दार कुणीतरी मोडूनच काढलं. ठोके मोजता येईनात इतके. कठडा हातातून सुटला, जिना गोल फिरला आणि ती पायरीवर बसली. चढता येत नव्हतं, उतरता येत नव्हतं. दोन्हीकडे पायऱ्याच.

"लिफ्टनं नेऊ खाली!" मॅनेजरसाहेब ओरडले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, लिफ्ट चालवणारी तर इथे बसलीय. ते स्वतः खाली धावले, कशीबशी लिफ्ट वर आणली, त्या मजल्यावरच्या दोघांच्या आधारानं तिला आत घेतलं, आणि मूठ अशी काही फिरवली की लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जाऊन अडली. जाळीबाहेर नुसती भिंत. इतक्या वर्षांत त्या पेटीत ती पहिल्यांदाच जमिनीवर बसली होती, आणि पहिल्यांदाच तिला ती पेटी कळली. घरी खोली, इथे पेटी, आणि आत हे उधळलेलं काळीज. कुठल्याच दाराची मूठ आपल्या हातात नाही. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं. रडायलाही दम नव्हता. मॅनेजरसाहेब घामाघूम होऊन मूठ खटखटवत होते.

"हळू," ती कसंबसं म्हणाली. "पूर्ण मागे घ्या. थांबा. आता अगदी थोडी. घाई केली की ती ऐकत नाही."

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. तपासणी झाली, छातीला ईसीजीच्या पट्ट्या लागल्या, रक्त घेतलं गेलं. जीव थोडक्यात बचावला होता. दोन गोळ्यांची गोष्ट बाहेर पडली तेव्हा बाई भयंकर चिडल्या.

"म्हणजे एक चोरून आणि एक मान राखायला! ताई, काळजाला मान कळत नाही हो. त्याला डोस कळतो." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता काही दिवस गोळी पूर्ण बंद. मग मी सांगेन तेवढीच, एकच. व्यायाम नाही, नाडी जागेवर येईपर्यंत घरातल्या घरात फिरणं पुरे. आणि घरी खरं सांगायचं. ते औषध मी लिहून देऊ शकत नाही."

मॅनेजरसाहेब दाराशी उभे राहून ऐकत होते. लिफ्टमध्ये अडकल्यापासून त्यांची घाई जरा उतरली होती. "नवी लिफ्ट सुरू होईपर्यंत जागा रिकामी ठेवतो," ते म्हणाले. "त्यापुढे माझ्या हातात नाही."

दुसऱ्या सकाळी ताटली आली, तीन वाट्या आल्या. तिनं आपल्या वाटीवर हात ठेवला.

"आई, मला गोळी देऊ नका."

"का ग? नाराज आहेस?"

मग तिनं सगळं सांगितलं. चहाचं, कॅल्शियमचं, मोरीतल्या गोळीचं. नवऱ्यानं पेपर घडी करून बाजूला ठेवला. सासूबाईंनी वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

"म्हणजे इतकी वर्षं मी दिलेलं वायाच गेलं?"

नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर जीभ उचलेना. सासूबाईंनी कमरेची किल्ली काढून ताटलीत टाकली. "घ्या तुमची तुम्ही," म्हणाल्या. "मग मी सकाळी उठू कशाला, तेवढं सांगा."

त्यानंतरचे दिवस घरात श्वास घ्यायलाही जागा नव्हती. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत. नवरा आपल्या गोळ्या विसरू लागला, कारण आजवर त्या लक्षात ठेवायचं काम त्याचं नव्हतंच. लिफ्टताई दोन खोल्यांत फेऱ्या मारी, कपाटापासून मोरीपर्यंत, मोरीपासून कपाटापर्यंत. प्रत्येक फेरीत ती पाठ दिसायची. कितीदा तिला वाटलं, एक गोळी गिळली तर काय होतंय, ही पाठ तरी वळेल! पण काळीज तिला आठवण करून द्यायचं.

नाडी जागेवर आली. पुन्हा गोळी सुरू झाली, एकच, कमी ताकदीची. घरातल्या फेऱ्या रस्त्यावर गेल्या, सपाट, सावकाश, कुणाशीतरी बोलत. रक्ताचा कागद बरा आल्यावर डॉक्टरीणबाईंनी एकेक मजला वाढवून दिला. आणि नवी लिफ्ट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी पुन्हा बोलावलं.

त्या पहाटे ती उठली, मुठीत गोळी घेऊन पाण्याकडे वळली, तर ओट्यापाशी खुर्चीत सासूबाई. समोर झाकलेला पाण्याचा पेला आणि बशीत एक गोळी.

"एकच ठेवलीय," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "चहा तासाभरानं देईन."

लिफ्टताईनं मूठ उघडली. बशीत एक, हातात एक. पुन्हा दोन झाल्या होत्या, आणि नाही म्हणायला पुन्हा तितकंच जड होतं.

"आई, माझी मी घेतलीय काढून. ती परत डब्यात टाका."

सासूबाईंनी गोळी उचलून डब्यात टाकली. "पाणी तरी माझ्या हातचं घेशील?"

तिनं पेला घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

फेरीला मॅनेजरसाहेब पुढे निघाले. ती प्रत्येक मजल्यावर थांबली, दार बघितलं, दिवा बघितला, डबा बघितला, श्वास बसू दिला, मगच पुढची पायरी. वरून आवाज आला, "चला ताई, लवकर!" ती खालून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी थांबणार." नवव्या मजल्यावर पोहोचली तेव्हा ते घड्याळ बघत होते. "उशीर झाला," म्हणाले. ती म्हणाली, "झाला. पण सातव्यावरचं मागचं दार उघडं आहे, तुम्ही त्याच्यासमोरून गेलात." काम तिला मिळालं.

ताटली अजून रोज येते. नवऱ्याच्या गोळ्या, सासूबाईंच्या गोळ्या, आणि तिसऱ्या वाटीत एक मनुका. चहाचा कप देऊन सासूबाई समोर बसतात आणि मनुका घशाखाली उतरेपर्यंत बघतात. लिफ्टताईला मनुका मुळीच आवडत नाही. ती रोज खाते.